पाणी काळे झाले; प्रेक्षक काय म्हणाले?



शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सर्वांत जास्त गर्दी कोणत्या टेबलाभोवती असते, हे तुम्ही पाहिले असेलच. पाणचक्कीची किंवा पर्जन्यमापकाची प्रतिकृती मांडून बसलेला विद्यार्थी घसा कोरडा होईपर्यंत माहिती सांगत असतो आणि पाहुणे मान डोलावून पुढे सरकतात. शेजारच्या टेबलावर मात्र कोणी दोन रंगहीन द्रव एकत्र ओततो, ते मिश्रण एकाएकी निळेकाळे होते, आणि तिथे माणसांची रीघ लागते.

या लेखात आपण असाच एक प्रयोग घरी करणार आहोत. पण आपली निरीक्षणे दोन असतील. एक, पेल्यातल्या द्रवाचे. आणि दुसरे, पेल्याभोवती जमलेल्या माणसांचे. प्रयोग पाहून लोक काय म्हणतात, काय विचारतात, आणि त्यातले कोणते बोलणे विज्ञानाकडे नेते व कोणते नेत नाही, हेही तपासून पाहण्याजोगे आहे. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. रसायनांपेक्षा घड्याळ आणि तापमापी यांच्याशी माझी सलगी अधिक. या प्रयोगात त्या दोघांनाही काम आहे, म्हणूनच तो मला आवडतो.

साहित्य

क-जीवनसत्त्वाच्या, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या, ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. २ टक्के टिंक्चर आयोडीन. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. थोडे आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे खुणांचे मोजपात्र. चार स्वच्छ पारदर्शक पेले. सेकंद दाखवणारे घड्याळ. औषधाच्या दुकानात पेरॉक्साइड ६ टक्क्यांचे मिळाले, तर त्यात तेवढेच पाणी मिसळून घ्या.

आधी चार नियम. प्रयोग करताना घरातले मोठे माणूस जवळ हवे. टिंक्चरमध्ये अल्कोहोल असते, म्हणून शेगडी पेटलेली असताना स्वयंपाकघरात हा प्रयोग नको. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि वापरलेले पेले पुन्हा खाण्यापिण्यासाठी घेऊ नयेत. आणि इथे सांगितलेल्या वस्तूंखेरीज दुसरे कोणतेही रसायन 'पाहू तरी काय होते' म्हणून त्यात टाकू नये.

कृती

अर्धा चमचा आरारूट थोड्या थंड पाण्यात कालवा, ते कपभर उकळत्या पाण्यात ओतून ढवळा आणि गार होऊ द्या. ही झाली स्टार्चची खळ. दोन्ही गोळ्यांची पूड करून ती ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि फडक्यातून गाळून घ्या. याला आपण 'मूळ द्रव' म्हणू. चघळायच्या गोळ्यांना नारिंगी रंग असतो. तो थोडासा उतरला तरी बिघडत नाही.

पहिल्या पेल्यात ५ मिलिलिटर मूळ द्रव, ५ मिलिलिटर टिंक्चर आणि ६० मिलिलिटर पाणी घाला. टिंक्चरचा तपकिरी रंग पाहता पाहता नाहीसा होईल. तो पुरता गेला नाही, तर मूळ द्रवाचे काही थेंब आणखी टाका. दुसऱ्या पेल्यात ६० मिलिलिटर पाणी, १५ मिलिलिटर पेरॉक्साइड आणि अर्धा चमचा, म्हणजे २.५ मिलिलिटर, खळ घाला.

आता सर्वांना बोलवा. पहिला पेला दुसऱ्यात ओता, पुन्हा पहिल्यात ओता, असे दोनतीनदा करून पेला टेबलावर ठेवा आणि घड्याळ सुरू करा. काहीच होत नाही. दहा सेकंद गेले, वीस गेले. प्रेक्षकांची चुळबुळ सुरू होते. कोणीतरी हसते. आणि मग अचानक सारा पेला एकदम निळाकाळा होतो. खोलीतल्या साधारण तापमानाला याला अर्धे ते दीड मिनिट लागेल. तुमच्या औषधांच्या ताकदीप्रमाणे यात फरक पडेल.

पहिली प्रतिक्रिया : "जादू आहे!"

लहान मुले हे आनंदाने म्हणतात, आणि त्यांनी तसे म्हणण्यात काही वावगे नाही. आश्चर्य वाटणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे. चिंता वाटते ती पायरीवरच बसून राहणाऱ्यांची.

याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. एखादा बुवा यज्ञकुंडासमोर बसतो, काडी न ओढता समिधांवर तूप सोडतो, मंत्र म्हणतो आणि काही क्षणांत ज्वाळा उठतात. जमलेली माणसे हात जोडतात. ते तूप बहुधा तूप नसते. ते तुपासारखे दाट दिसणारे ग्लिसरीन असते, आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेटची पूड ठेवलेली असते. या दोघांच्या विक्रियेतून (तुमच्या पाठ्यपुस्तकात हिलाच अभिक्रिया म्हणतात) उष्णता बाहेर पडते. सुरुवातीला विक्रिया संथ असते. उष्णता साचली की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते, आणि शेवटी ग्लिसरीन पेट घेते. या साऱ्याला जो वेळ लागतो तेवढ्यात मंत्र म्हणून होतो! महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रकार गावोगाव करून दाखवला आहे. त्यात आगीचा धोका असल्याने तुम्ही मात्र तो घरी करू नका.

आपला पेला आणि बुवांचे कुंड यांत फरक कोणता? रसायने दोन्हीकडे आहेत, थांबण्याचा काळ दोन्हीकडे आहे, आश्चर्यही दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की बुवांना प्रश्न विचारता येत नाही, आणि आपल्या टेबलावर प्रश्न विचारल्याशिवाय कोणी जाऊ नये अशी आपली इच्छा असते. प्रयोग करणाऱ्याने 'हे मी कसे केले ते सांगणार नाही' असे म्हटले, की विज्ञानाचा विद्यार्थी बुवा होतो. हे प्रदर्शनात टेबलामागे उभे राहताना विसरू नका.

दुसरी प्रतिक्रिया : "पुन्हा दाखवा!"

ही तर हमखास येते. पहिल्या वेळी निम्मे प्रेक्षक दुसरीकडे पाहत असतात. त्यांना काळा झालेला पेला दिसतो, काळा होताना दिसत नाही.

'पुन्हा' या शब्दाला भुलण्याचा धोका एका फार मोठ्या रसायनशास्त्रज्ञाच्या गोष्टीतून कळतो. सन १८५३ मध्ये म्यूनिक येथे युस्टुस लीबिख बव्हेरियाच्या राजघराण्यासमोर व्याख्यान देत होते. त्यांनी नायट्रोजनचा एक ऑक्साइड वायू आणि कार्बन डायसल्फाइडची वाफ यांचे मिश्रण पेटवून दाखवले. निळा लखलखाट होतो आणि कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, असा हा प्रयोग. राजघराण्याला तो इतका आवडला की लीबिख यांनी तो पुन्हा केला. या खेपेस मात्र स्फोट झाला, आणि राणी तेरेसे व तिचा मुलगा लुइटपोल्ड यांना इजा झाली. एवढ्या अनुभवी माणसाच्या हातून हे झाले. टाळ्यांच्या भरात केलेल्या दुसऱ्या प्रयोगालाही पहिल्याइतकीच तयारी आणि तेवढीच मापे लागतात.

आपल्या प्रयोगात 'पुन्हा' दाखवणे सोपे आणि बोधप्रद आहे. पेला काळा होताच त्यात मूळ द्रव मिलिलिटरभर टाका आणि ढवळा. रंग झटकन नाहीसा होईल. प्रेक्षकांना वाटेल, संपले. थांबायला सांगा. काही वेळाने पेला पुन्हा काळा होईल. पुन्हा टाका, पुन्हा तेच. एव्हाना एखाद्या चौकस मुलाच्या लक्षात येते की यात जादूपेक्षा हिशेब जास्त आहे.

तिसरी प्रतिक्रिया : "इतका उशीर का, आणि मग एकदम कसा?"

मला विचाराल तर या प्रश्नासाठीच सारा खटाटोप करायचा. रंग बदलणारे द्रव पुष्कळ आहेत. लिंबू पिळले की हळदीचा लाल डाग पिवळा होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. इथे नवल रंगाचे नाही, वेळेचे आहे.

पेल्यात दोन विक्रिया एकाच वेळी चालतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आयोडाइडपासून आयोडीन तयार करते. ही विक्रिया संथ आहे. तयार झालेल्या आयोडीनला क-जीवनसत्त्व तत्क्षणी गाठते आणि त्याचे पुन्हा आयोडाइड करून टाकते. ही विक्रिया अतिशय जलद आहे. आयोडीन स्टार्चला भेटले तरच निळाकाळा रंग येतो, आणि क-जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर ती भेट घडत नाही.

एसटीच्या थांब्याची कल्पना करा. थांब्यावर एक रिकामी गाडी उभी आहे आणि उतारू एकेक करून येत आहेत. आला की चढला, आला की चढला. लांबून पाहणाऱ्याला थांबा रिकामाच दिसतो. त्याला वाटते, इथे कोणी येतच नाही. पण गाडी भरली, की त्यानंतर येणारा पहिला उतारू थांब्यावर उभा राहतो आणि तो लगेच नजरेत भरतो. उतारू पूर्वीच्याच वेगाने येत होते. बदलली ती गाडीतली जागा. आयोडीन म्हणजे उतारू आणि क-जीवनसत्त्व म्हणजे गाडीतल्या जागा. स्टार्च म्हणजे उभ्या राहिलेल्या पहिल्या एकदोघांना पाहूनच आरडाओरडा करणारा तिकीट तपासनीस. लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम आयोडीन असले तरी स्टार्च ते रंगाने दाखवून देतो. म्हणूनच बदल एकदम झाल्यासारखा वाटतो.

आता थोडा हिशेब करू. ६० मिलिलिटर मूळ द्रवात १,००० मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व आहे, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये सुमारे ८३ मिलिग्रॅम. ५ मिलिलिटर टिंक्चरमध्ये १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. वजनाने २५४ भाग आयोडीनला १७६ भाग क-जीवनसत्त्व पुरते. त्रैराशिक मांडले तर १०० मिलिग्रॅम आयोडीनसाठी सुमारे ६९ मिलिग्रॅम जीवनसत्त्व खर्च होते. हा खर्च पहिल्या पेल्यातच होऊन जातो. तपकिरी रंग गेला तो यामुळेच. शिल्लक उरले ८३ वजा ६९, म्हणजे अवघे १४ मिलिग्रॅम. आपले घड्याळ या १४ मिलिग्रॅमवर चालते.

यावरून एक भाकीत करता येते. मूळ द्रव ५ ऐवजी ६ मिलिलिटर घेतला तर काय होईल? पुष्कळ जण म्हणतात, "द्रव पाचाचा सहा झाला, तर वेळही थोडासाच वाढेल." पण हिशेब पाहा. ६ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व येते. त्यातून ६९ गेले, उरले ३१. शिल्लक १४ची ३१ झाली, तेव्हा वेळ दुपटीहून अधिक लागला पाहिजे! आणि ४ मिलिलिटरच घेतला तर? त्यात ६७ मिलिग्रॅमच असते. ते ६९ला पुरत नाही, म्हणून टिंक्चरचा रंगच पुरता जाणार नाही. ही दोन्ही भाकिते करून पाहा. गोळीतील आणि टिंक्चरमधील प्रमाण छापल्यापेक्षा थोडे कमीअधिक असेल तर आकडे सरकतील, पण प्रकार तोच राहील.

आणखी एक शंका हुशार विद्यार्थी काढतो. उतारू एकाच वेगाने येत राहतात हे कशावरून? पेरॉक्साइड संपत आले तर वेग मंदावणार नाही का? १५ मिलिलिटरमध्ये ४५० मिलिग्रॅम पेरॉक्साइड आहे, आणि १४ मिलिग्रॅम जीवनसत्त्व संपवण्यासाठी त्यातले ३ मिलिग्रॅमही खर्च होत नाही. आयोडाइड तर खर्च होऊन पुन्हा तयारच होते. म्हणून रंग येईपर्यंत वेग जवळजवळ स्थिर राहतो. चांगल्या घड्याळाला हवा असतो तो गुण नेमका हाच. अशा विक्रियांना 'घड्याळी विक्रिया' म्हणतात त्या उगीच नव्हे.

या गुणाचा उपयोग फार पूर्वी झालेला आहे. सन १८६० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे व्हर्नन हारकोर्ट हा रसायनशास्त्रज्ञ आणि विल्यम एसन हा गणितज्ञ या जोडीने पेरॉक्साइड आणि आयोडाइड यांच्या विक्रियेचा वेग मोजला. त्यांची युक्ती आपल्या 'पुन्हा दाखवा'सारखीच होती. आयोडीन नाहीसे करणारा दुसरा एक पदार्थ ते ठराविक मापाने टाकत, निळा रंग परत येण्याची वेळ टिपत, आणि पुन्हा तेवढेच माप टाकत. या वेळांवरून विक्रियेचा वेग पदार्थांच्या प्रमाणावर कसा अवलंबून असतो याचे गणित त्यांनी मांडले. पुढे १८८६ साली हान्स लांडोल्ट यांनी आयोडेट आणि सल्फाइट वापरून केलेली घड्याळी विक्रिया प्रसिद्ध झाली. ती आजही महाविद्यालयांत दाखवली जाते.

चौथी प्रतिक्रिया : "खोटे आहे, तुम्ही मध्येच काहीतरी टाकले!"

असे म्हणणारा एकतरी प्रेक्षक निघतोच. त्याच्यावर रागावू नका. सगळ्या प्रेक्षकांत तोच सर्वांत उपयोगी आहे. पेले त्याच्या हाती द्या, मापे त्याला घेऊ द्या, द्रव त्यालाच ओतू द्या. त्याच्याही हातून पेला काळा झाला, की तो तुमचा साक्षीदार होतो.

मात्र शंका घेणे आणि तपासण्यास नकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद न ओळखल्याने एका शास्त्रज्ञावर केवढा अन्याय झाला ते ऐका. सोव्हिएत रशियातील बोरिस बेलोसोव्ह सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सेरियमची संयुगे यांचे मिश्रण अभ्यासत होते. त्यांना दिसले की द्रव पिवळा होतो, मग रंगहीन होतो, पुन्हा पिवळा, पुन्हा रंगहीन. आणि असे बराच वेळ आपोआप चालते. त्यांनी १९५१ साली यावर निबंध लिहून पाठवला. तो परत आला. असे घडणे अशक्य आहे, असे परीक्षकांचे मत होते. पुढे पाठवलेला निबंधही स्वीकारला गेला नाही. अखेर १९५९ साली किरणोत्सर्गी वैद्यकावरच्या एका आडबाजूच्या संग्रहात त्यांचे छोटेसे टिपण छापले गेले.

परीक्षक अडाणी नव्हते. त्यांचा तर्क असा होता : रासायनिक विक्रिया समतोलाकडे जाते. डोंगरावरून सुटलेला दगड दरीत पोचतो. तो आपण होऊन परत वर चढत नाही. मग पिवळा झालेला द्रव रंगहीन होऊन पुन्हा पिवळा कसा होईल? हे ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाविरुद्ध आहे! तर्कातली उणीव सूक्ष्म होती. बेलोसोव्ह यांच्या पेल्यातील मिश्रण एकूण पाहता समतोलाकडेच जात होते, आणि खर्च होणारे पदार्थ सतत खर्च होतच होते. हेलकावे खात होते ते मधल्या टप्प्यांवरचे पदार्थ. उतारावरून धावणारा ओढा वाटेत भोवरे करतो, तरी वाहतो खालीच. तसेच हे.

सन १९६१ पासून अनातोली झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्याने हा प्रयोग नव्याने हाती घेतला, तो खरा असल्याचे दाखवले आणि त्याचा पाया पक्का केला. आज ही विक्रिया दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९८० साली या कामाला लेनिन पारितोषिक मिळाले, तेव्हा मानकऱ्यांत बेलोसोव्ह यांचेही नाव होते. पण ते १९७० सालीच वारले होते. विचार करा : एक पेला, चार बाटल्या आणि काही मिनिटे खर्चून जे पडताळता आले असते, ते न पाहताच नाकारले गेले. आपल्या शंकेखोर प्रेक्षकाने निदान पेला हातात घेतला. तेवढ्यापुरता तो त्या परीक्षकांपेक्षा चांगला वैज्ञानिक ठरतो.

शिक्षकांना आवडेल अशी एक पुस्तीही जोडतो. सॅन फ्रान्सिस्को येथील गॅलिलिओ हायस्कूलमधील थॉमस ब्रिग्ज आणि वॉरन राउशर या दोन शिक्षकांनी १९७३ साली अशीच पुन्हा पुन्हा रंग बदलणारी एक विक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात द्रव रंगहीन, पिवळसर आणि निळा असा फिरत राहतो. त्यातला निळा रंग स्टार्च आणि आयोडीनचाच. तिच्यासाठी तीव्र पेरॉक्साइड लागते आणि आयोडीनची वाफही निघते, म्हणून ती घरी करण्याजोगी नाही. पण शाळेतल्या दोन शिक्षकांनी केलेले काम जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाचवी प्रतिक्रिया : "हे घातक तर नाही ना?"

हा प्रश्न बहुधा आजी किंवा आई विचारते, आणि मुले हसतात. हसू नये. प्रत्येक प्रयोगाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पूर्वी प्रदर्शनांत 'ज्वालामुखी' म्हणून अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ढीग पेटवीत. ठिणग्या उडत, हिरवी राख पसरे आणि टाळ्या पडत. डायक्रोमेटमधील क्रोमियम कर्करोगकारक आहे हे आज ठाऊक आहे, आणि ढीग पेटवताना न जळलेले कण राखेबरोबर हवेत उडतात. म्हणून तो खेळ आता सोडूनच द्यावा. आपल्या प्रयोगातही पेरॉक्साइड हातावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. कपड्यावर आयोडीनचा डाग पडला तर मूळ द्रव लावून पाहा. डाग का जातो हे आता तुम्हालाच सांगता येईल. शेवटी उरलेला सगळा मूळ द्रव पेल्यात टाकून रंग घालवा आणि भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्या.

शिक्षकांसाठी थोडेसे

प्रयोग दाखवला, मुले खूश झाली, म्हणजे ती शिकली, असे आपण गृहीत धरतो. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थविज्ञानाच्या वर्गात हे तपासून पाहिले आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोग नुसता पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यामागचे तत्त्व प्रयोग मुळीच न पाहिलेल्यांपेक्षा फारसे अधिक समजलेले नव्हते! ज्यांना प्रयोगापूर्वी 'काय होईल ते सांगा' असे विचारले होते, त्यांची समज मात्र स्पष्टपणे चांगली होती. आणि यासाठी वर्गाचा जास्तीचा वेळ किती लागला? दोनेक मिनिटे.

तेव्हा पहिल्यांदा पेला मुकाट्याने दाखवा. आश्चर्याचा वाटा मुलांना मिळू द्या. दुसऱ्या वेळी ओतण्यापूर्वी फळ्यावर प्रश्न लिहा : पेरॉक्साइड निम्मे केले तर वेळ किती लागेल? प्रत्येकाने उत्तर वहीत लिहावे, शेजाऱ्याला दाखवावे, हवे तर त्याच्याशी वाद घालावा. मग ओता. आता पेला काळा होण्याची वाट पाहणारी मुले घड्याळाकडे पाहत असतात. ज्याचे भाकीत चुकते तो "असे का?" म्हणून उठून उभा राहतो. त्या एका प्रश्नासाठी भाकीत लिहून घ्यायचे. चुकलेल्या भाकिताला गुण कापू नका.

तुम्ही करून पाहा

१. दुसऱ्या पेल्यात पेरॉक्साइड ७.५ मिलिलिटर आणि पाणी ६७.५ मिलिलिटर घ्या, म्हणजे एकूण द्रव तेवढाच राहील. लागणारा वेळ दुप्पट होतो का?

२. दोन्ही पेल्यांतले पाणी एकदा साधे आणि एकदा सुमारे १० अंशांनी गरम घ्या. या विक्रियेचा वेग १० अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. तुमच्या घड्याळाला ते पटते का? तापमान मिश्रणाचे मोजा, नुसत्या पाण्याचे नको.

३. प्रत्येक प्रयोग तीनदा करा आणि तिन्ही वेळा लिहून ठेवा. तीन आकड्यांत किती फरक पडतो ते पाहा. तो फरक विक्रियेमुळे आहे, मापांमुळे आहे, की घड्याळ दाबणाऱ्या बोटामुळे?

४. मूळ द्रवाऐवजी लिंबाचा रस गाळून घेतला तर? किती रसाने ५ मिलिलिटर टिंक्चरचा रंग जातो ते मोजा. त्यावरून त्या रसात क-जीवनसत्त्व किती असावे याचा अंदाज वरच्या त्रैराशिकाने काढता येईल.

आणि वहीच्या उजव्या पानावर प्रेक्षकांची नोंद ठेवा. कोण काय म्हणाले, कोणी काय विचारले, कोणी पेला हातात घेऊन पाहिला. डावीकडे सेकंद, उजवीकडे माणसांचे बोलणे. पाचसहा वेळा प्रयोग दाखवून झाला की उजवे पान वाचा. पहिल्या दिवशी 'जादू' म्हणणाऱ्याने शेवटच्या दिवशी 'किती मिलिलिटर?' असे विचारलेले आढळले, तर तुमचा प्रयोग यशस्वी झाला असे समजा.